शेतीखात्याचे सचिव ते राष्ट्रीय सभेचे सरचिटणीस: अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम

शालेय इतिहासात अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांचा उल्लेख एका वाक्यात उरकला जातो: एक निवृत्त इंग्रज अधिकारी, ज्यांनी १८८५ मध्ये राष्ट्रीय सभेच्या (काँग्रेसच्या) स्थापनेसाठी पुढाकार घेतला. निवृत्त होण्यापूर्वी हे गृहस्थ कोणत्या कचेरीत बसत होते, याची चौकशी सहसा कोणी करत नाही. हिंदुस्थान सरकारने १८७१ मध्ये पहिल्यांदा शेतीसाठी म्हणून जे खाते काढले, त्याचे ते सचिव होते. ते खाते आठ वर्षांत गुंडाळले गेले आणि ह्यूमही त्याच वर्षी पदावरून दूर झाले. त्यांचे पुढचे राजकारण नीट समजून घ्यायचे असेल तर या आठ वर्षांपासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे.

ह्यूम यांचा जन्म १८२९ चा. वडील जोसेफ ह्यूम हे ब्रिटिश पार्लमेंटात सरकारी उधळपट्टीवर तुटून पडणारे जहाल मतांचे सभासद म्हणून ओळखले जात. मुलगा १८४९ मध्ये बंगालच्या मुलकी सेवेत दाखल झाला आणि गंगा-यमुनेच्या दुआबातील इटावा जिल्ह्यात कामाला लागला. तेथे त्यांनी लोकवर्गणीच्या आधारे गावशाळा काढल्या. १८५७ पर्यंत शाळांची संख्या १८१ झाली होती आणि विद्यार्थी पाच हजारांच्या वर गेले होते. अबकारीचे उत्पन्न म्हणजे पापाची कमाई आहे, असे त्यांनी सरकारी अहवालात लिहून ठेवले. १८५७ च्या उठावात त्यांनी अर्थातच कंपनी सरकारच्या बाजूने शस्त्र हाती धरले आणि त्याबद्दल त्यांना किताबही मिळाला. साम्राज्यावरची त्यांची निष्ठा आणि त्याच साम्राज्याच्या कारभाराचा त्यांना येणारा संताप या दोन्ही गोष्टी त्यांच्यात अखेरपर्यंत एकत्र नांदल्या, हे पुढे वाचताना ध्यानात ठेवावे लागते.

शेतीखात्याकडे येण्यापूर्वी, १८६७ ते १८७० या काळात, ते अंतर्गत जकातीचे आयुक्त होते. मिठावरचा कर चुकवून कोणी मीठ आत आणू नये म्हणून सरकारने सिंधू नदीपासून महानदीपर्यंत सुमारे २,३०० मैलांची जकातरेषा आखली होती. तिच्या बऱ्याच भागात वाळलेल्या काट्यांचे कुंपण असे. ते वाळवी खाई, वाऱ्याने उडे, आगीत जळे, आणि दरवर्षी नवे काटे वाहून आणण्यातच माणसे आणि पैसा खर्ची पडे. ह्यूम यांनी त्याऐवजी जिवंत कुंपण वाढवायचे ठरवले. कोणत्या मातीत बाभूळ तगते, कोठे बोर आणि करवंद चालते, कोठे निवडुंगावाचून इलाज नाही, याचे त्यांनी प्रयोग केले. खडकाळ जागी चर खणून चांगली माती आणून टाकली, पाणी साचते तेथे बांध घातले. काही ठिकाणी हे कुंपण १२ फूट उंच झाले. माती, पाणी आणि झाड यांची त्यांची ही पहिली मोठी शासकीय शाळा गरिबाच्या मिठावरचा कर वसूल करण्यासाठी भरली होती, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

आता त्या खात्याकडे येऊ. मागणी शेतकऱ्यांकडून आली नव्हती. ती मँचेस्टरच्या कापूस व्यापाऱ्यांकडून आली होती. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात तिकडचा कापूस बंद झाला तेव्हा हिंदुस्थानच्या कापसाला एकाएकी भाव आला, आणि वऱ्हाड, खानदेश, गुजरात येथील उत्पन्न वाढावे, माल स्वच्छ यावा, असा लकडा गिरणीवाल्यांनी सरकारमागे लावला. वऱ्हाड आणि मध्य प्रांतासाठी स्वतंत्र कापूस आयुक्त नेमला गेला होता आणि १८७० मध्ये खामगावपर्यंत रेल्वेचा फाटाही पोहोचला होता. गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो यांनी ही मागणी रुंद करून घेतली. या देशात सरकार हाच सर्वांत मोठा जमीनदार आहे, तेव्हा शेती सुधारणे हे सरकारचे स्वतःचे काम आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. केवळ कापसासाठी खाते नको, सगळ्या शेतीसाठी हवे, असे त्यांचे म्हणणे होते. ह्यूम त्यांच्या विश्वासातले होते.

मात्र १८७१ मध्ये खाते जन्माला आले ते 'महसूल, शेती आणि व्यापार खाते' या नावाने. नावात महसूल पहिला आला आणि कामातही तोच पहिला राहिला. जमीनसारा, मोजणी, जंगले, हवामान, व्यापार अशा नाना विषयांचे टपाल या एका कचेरीत येऊन पडू लागले. खात्याला शेतीसाठी स्वतंत्र पैसा नव्हता. प्रांतांत त्याचे हुकूम मानणारी माणसे नव्हती. जे होईल ते प्रांतिक सरकारांना पत्र लिहून, विनंती करून. त्यात १८७२ च्या फेब्रुवारीत अंदमानात मेयो यांचा खून झाला आणि खात्याचा पाठीराखाच गेला.

ज्या सरकारचे मुख्य उत्पन्न जमीनसाऱ्यावर अवलंबून आहे, त्याला शेतीच्या सुधारणेत रस असायला हवा, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात सारा रोख आणि ठरलेल्या हप्त्याला द्यावा लागे, आणि पीक कसे आले याच्याशी त्याचा संबंध फार सैल होता. त्यामुळे उत्पन्न वाढो न वाढो, सरकारची वसुली होत राही. तूट येई ती शेतकऱ्याच्या घरात. ती तूट सावकार भरून काढी आणि त्याबदली कर्जखत लिहून घेई. म्हणजे पिकाच्या जोखमीचा भार रयतेवर, रयतेला पतपुरवठा सावकाराचा, आणि वसुलीची खात्री सरकारला. जोखीम अंगावर येत नाही तोवर ती कमी करण्यावर कोणी खर्च करत नाही, आणि येथे ती सरकारच्या अंगावर येतच नव्हती. दुष्काळ पडला की मात्र एकदम यायची.

दख्खनमध्ये हे सगळे उघड्यावर घडले. इंदापूर, भीमथडी या तालुक्यांत १८६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून नव्या पाहणीने सारा चढवला गेला, तो कापसाच्या तेजीतले भाव डोळ्यांपुढे ठेवून. तेजी ओसरली, भाव पडले, सारा तसाच राहिला. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे गावी बाजाराच्या दिवशी लोक सावकारांच्या दुकानांवर चालून गेले, आणि पुणे व नगर जिल्ह्यांत पसरलेल्या या दंग्यांत लोकांचा सगळा रोख कर्जखते, रोखे आणि हुकूमनामे हाती घेऊन जाळण्यावर होता. पाठोपाठ १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ आला. शेतीखाते अस्तित्वात असताना लाखो माणसे मेली.

ह्यूम यांनी आपली मते १८७९ मध्ये शेती सुधारणेवरील एका पुस्तिकेत मांडली. साठ-सत्तर पानी सरकारी मजकुराच्या सवयीने ती वाचायला घेतली तर धक्का बसतो. येथील कुणब्याला शेती कळत नाही, ही तेव्हाची रूढ समजूत त्यांनी पहिल्याच झटक्यात मोडीत काढली. उत्तर हिंदुस्थानातील एखाद्या जुन्या गावाच्या उंचवट्यावर उभे राहा, असे ते लिहितात. चहूकडे मैलोगणती गव्हाचा समुद्र दिसेल, मध्ये आमरायांची गर्द बेटे असतील, आणि त्या सगळ्या गव्हात वीतभर तण सापडणार नाही. युरोपातील शंभरांतल्या नव्याण्णव शेतांना लाज वाटावी अशी ही शेते आहेत. ज्या सरकारी आदर्श शेतांवर इंग्रज माळी आणून विलायती नांगर फिरवले जात होते, त्यांची त्यांनी खिल्ली उडवली. तरीही योग्य खत आणि मशागत मिळाली तर दर एकरी उत्पन्न ३० ते ७० टक्क्यांनी वाढू शकेल, असा त्यांचा अंदाज होता. मग अडते कोठे? खतावर आणि कर्जावर, हे त्यांचे उत्तर होते.

खताचा मुद्दा शेणाचा आहे. जनावर शेतातला कडबा खाते, त्यातून शेतातले सत्त्व शेणात उतरते, आणि ते शेण उकिरड्यातून पुन्हा शेतात गेले तर चक्र पूर्ण होते. पण आसपासची झाडी तुटली, जळण महागले, की तेच शेण थापून गोवऱ्या केल्या जातात आणि चुलीत जातात. राख शेतात टाकली तर तिच्यातील पालाश आणि स्फुरद परत मिळतो. पिकाला सर्वांत जास्त हवा असलेला नत्र मात्र धुराबरोबर निघून गेलेला असतो. बाईने गोवऱ्या थापू नयेत असा उपदेश करून काहीच होणार नाही, कारण तिला भाकरी भाजायचीच आहे. म्हणून ह्यूम यांची सूचना अशी की, गावोगावी जळणासाठी झाडांची राखीव लागवड करावी. लाकूड मिळाले की शेण आपोआप शेताकडे वळेल. पुढे १८८९ मध्ये सरकारने पाठवलेले रसायनशास्त्रज्ञ ऑगस्टस व्होल्कर हेही देशभर फिरून जवळजवळ याच निष्कर्षाला आले आणि त्यांनीही जळणाच्या व चाऱ्याच्या राखीव क्षेत्रांचा आग्रह धरला.

कर्जाच्या बाबतीत ह्यूम यांचा राग सावकारापेक्षा दिवाणी न्यायालयांवर अधिक होता. सावकार पूर्वीही होता, पण त्याला गावात राहायचे असल्याने गावाची लाज बाळगावी लागे. नव्या व्यवस्थेत तो लांबच्या न्यायालयात कर्जखत दाखल करी, शेतकरी तारखेला पोहोचत नसे, एकतर्फी हुकूमनामा होई आणि बेलिफ जप्ती घेऊन दारात उभा राही. ह्यूम यांनी सुचवले की, सचोटीच्या हिंदी न्यायाधीशांनी गावोगाव फिरावे, ऋणकोच्याच गावच्या पारावर सर्वांसमक्ष दोन्ही बाजू ऐकाव्यात, गावातील वडीलधाऱ्यांची मदत घ्यावी आणि कायद्याच्या किचकट पद्धतीत न अडकता निकाल द्यावा. त्याच १८७९ मध्ये मुंबई सरकारच्या मुलखात पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर या जिल्ह्यांसाठी दख्खन शेतकरी कायदा आला. त्याने न्यायालयाला कर्जखताच्या मागे जाऊन मूळ मुद्दल किती होते हे पाहण्याचा अधिकार दिला आणि तडजोड करून देणारे पंच नेमले. ह्यूम यांच्या कल्पनेशी त्याचे साम्य आहे, पण त्यांच्या पाराइतका तो मोकळा नव्हता.

मुंबई इलाख्यातील मुलकी अधिकारी विल्यम वेडरबर्न हेही तेव्हा याच प्रश्नाशी झगडत होते. शेतकऱ्यांचे जुने कर्ज फेडून त्यांना माफक व्याजाने पैसा देणाऱ्या बँकेचा प्रयोग पुरंदर तालुक्यात करावा, अशी त्यांची योजना होती. हिंदुस्थान सरकारने तिला १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला संमती दिली आणि लंडनच्या इंडिया ऑफिसने ती मारून टाकली. पुढे वेडरबर्न राष्ट्रीय सभेचे दोनदा अध्यक्ष झाले आणि ह्यूम यांचे चरित्रकारही. शेतीच्या प्रश्नावर सरकारच्या आत राहून हात पोळलेले हे दोन अधिकारी एकाच सभेत येऊन भेटले, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

१८७९ मध्ये लॉर्ड लिटन यांच्या सरकारने ह्यूम यांना सचिवपदावरून काढून अलाहाबादच्या महसूल मंडळात पाठवले. कारण म्हणून सार्वजनिक सेवेचे हित सांगितले गेले. खरे कारण असे की ते वरिष्ठांपुढे फार स्पष्ट बोलत. खाते मोडून त्याचे तुकडे इतर खात्यांत वाटले गेले. नंतर दुष्काळ आयोगाने १८८० मध्ये असे खाते हवेच असा अहवाल दिला आणि १८८१ मध्ये ते पुन्हा उभे राहिले, पण ह्यूम यांच्याविना. १८८२ मध्ये ते निवृत्त होऊन सिमल्याला राहिले.

त्यांच्या आयुष्याचा एक मोठा कप्पा पक्षिशास्त्राचा आहे. तो येथे फार उघडता येणार नाही. हजारो पक्ष्यांचा संग्रह त्यांनी जमवला होता आणि हिंदुस्थानच्या पक्ष्यांवरील ग्रंथासाठी वर्षानुवर्षे टिपणे काढली होती. ते घरी नसताना नोकराने ती टिपणे रद्दीच्या भावात बाजारात विकली. त्यानंतर त्यांनी तो नाद सोडला आणि १८८५ मध्ये सगळा संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. राजकारणाला त्यांच्याकडे वेळ कोठून आला, याचे थोडे उत्तर यातही आहे.

१ मार्च १८८३ रोजी त्यांनी कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीधरांना एक पत्र लिहिले: स्वार्थ बाजूला ठेवणारी पन्नास माणसे मिळाली तरी काम सुरू करता येईल. त्यातून राष्ट्रीय संघाची, म्हणजे पुढच्या राष्ट्रीय सभेची, जुळवाजुळव झाली. पहिली बैठक १८८५ च्या डिसेंबरात पुण्यात, पर्वतीजवळच्या पेशव्यांच्या बागेत भरायची होती आणि पुण्याच्या सार्वजनिक सभा या संस्थेने तयारीही केली होती. ऐनवेळी पुण्यात पटकीची साथ आली आणि सभा मुंबईला गोवालिया टँकजवळच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत हलवावी लागली. २८ डिसेंबरला ७२ प्रतिनिधी जमले. व्योमेशचंद्र बॅनर्जी अध्यक्ष होते. दादाभाई, तेलंग, फिरोजशहा, आगरकर होते. रानडे सरकारी नोकर असल्याने प्रतिनिधी म्हणून नव्हे, पण हजर होते. शेवटी आभाराला उठलेल्या ह्यूम यांनी, जिच्या पायतणाचे बंद सोडण्याचीही आपली लायकी नाही अशा महाराणीचा जयजयकार करायला लावला.

त्या सभेत नऊ ठराव झाले. कायदेमंडळांचा विस्तार, मुलकी सेवेच्या परीक्षा हिंदुस्थानातही घेणे, लष्करी खर्चाला आळा, असे त्यांचे विषय होते. शेतसारा, कर्ज किंवा दुष्काळ यांवर एकही नव्हता. आठ वर्षे शेतीखाते सांभाळलेल्या माणसाने जमवलेल्या सभेत शेती दिसू नये, हे वरवर चमत्कारिक वाटते. पण सचिव असताना त्यांना सल्ला कमी पडला नव्हता, अधिकार कमी पडला होता: खर्च कशावर व्हावा हे ठरवणाऱ्या जागी रयतेच्या बाजूने बोलणारे कोणीच नव्हते. कायदेमंडळातील जागा मागणे हा म्हणूनच त्यांच्या दृष्टीने शेतीच्या प्रश्नाचा पहिला टप्पा होता. सभेतल्या वकील मंडळींना तोच शेवटचा टप्पा वाटला असेल, तर ते वेगळे.

येथे प्रसिद्ध 'सुरक्षा झडपे'चा विचार करायला हवा. असंतोषाची वाफ स्फोट होण्याआधी सुटावी म्हणून सरकारनेच ह्यूम यांच्याकरवी राष्ट्रीय सभा काढली, असे लाला लजपतराय यांनी १९१६ मध्ये मांडले, आणि ते आजही ऐकू येते. त्याचा आधार म्हणजे वेडरबर्न यांनी १९१३ च्या चरित्रात दिलेली हकिगत: ह्यूम यांना देशभरातील ३०,००० बातमीदारांच्या अहवालांचे सात खंड दाखवले गेले आणि त्यावरून उठाव जवळ आल्याची त्यांची खात्री झाली. हे खंड कोणत्याही सरकारी दप्तरात सापडलेले नाहीत. गुप्त बातम्या शेतीखात्याच्या सचिवाकडे येण्याचे कारणही नव्हते. ह्यूम तेव्हा थिऑसफी या गूढवादी पंथाच्या नादी लागले होते, आणि खंड दाखवणारे कोणी गुरुपरंपरेतील महात्मे होते असे त्या हकिगतीतूनच दिसते. सरकारी कटाचा पुरावा म्हणून ती हकिगत टिकत नाही. मात्र भीती खरी होती. १८७९ मध्येच वासुदेव बळवंत फडके रामोशी आणि कोळी मंडळींना घेऊन दख्खनमध्ये सरकारी सत्तेविरुद्ध उठले होते. उपाशी शेतकऱ्याला शिकलेला पुढारी मिळाला तर काय होते, हे पाहायला ह्यूम यांना तिबेटातील महात्म्यांची गरज नव्हती.

इंग्लंडमध्ये धान्यावरील जकातीविरुद्ध जी चळवळ झाली, तिच्या धर्तीवर खेड्यांत प्रचार करायचा, असे त्यांनी १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ठरवले. मौलवी फरीदउद्दीन आणि रामबक्ष नावाचा गावकरी यांचा संवाद असलेले एक पत्रक देशी भाषांत वाटले गेले. रामबक्षाच्या गावाचे नाव कंबख्तपूर ठेवले होते. एकट्या मालकाच्या मर्जीवर चालणारे गाव कसे भिकेला लागते आणि पंचांचे ऐकणारे गाव कसे सुधारते, असा त्याचा सरळ आशय होता. वायव्य प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर ऑकलंड कॉल्व्हिन यांनी १८८८ मध्ये लांबलचक पत्र लिहून याला कडक हरकत घेतली. पदवीधरांनी ठराव करावेत यावर त्यांचा फारसा आक्षेप नव्हता. रामबक्षाशी बोलण्यावर होता. त्याच नोव्हेंबरात लॉर्ड डफरिन यांनी सभेला मूठभर अल्पसंख्याकांची संस्था म्हणून हिणवले. खेड्यात गेले तर चिथावणी आणि न गेले तर मूठभर, असा हा पेच होता.

१६ फेब्रुवारी १८९२ रोजी ह्यूम यांनी सभेच्या मंडळींना एक परिपत्रक पाठवले. हा कारभार लोकांना भिकेला लावतो आहे, आणि तो असाच चालू राहिला तर भयंकर उलथापालथ होईल. उपाशी माणसे उठतील तेव्हा सुखवस्तू लोकही वाचणार नाहीत, असा त्याचा इशारा होता. शेतीखात्यात साचलेले सगळे त्यात एकदम बाहेर आले होते. ते वृत्तपत्रांत फुटताच इंग्रजी पत्रांनी राजद्रोहाची ओरड केली, सभेचे पुढारी गांगरले आणि लंडनमधील ब्रिटिश समितीनेही हात झटकले. १८९४ च्या मार्चमध्ये ह्यूम मुंबईहून कायमचे विलायतेला गेले. सरचिटणीस म्हणून त्यांचे नाव नंतरही अनेक वर्षे राहिले. ३१ जुलै १९१२ रोजी ते वारले.

ते विलायतेला गेल्यावर दोन वर्षांतच, १८९६ मध्ये, पुन्हा दुष्काळ पडला. तेव्हा टिळकांच्या पुढाकाराने सार्वजनिक सभेचे प्रचारक कुलाबा, ठाणे आणि इतर जिल्ह्यांत खेडोपाडी फिरले, सरकारच्याच दुष्काळ संहितेतील नियम शेतकऱ्यांना समजावून सांगू लागले, आणि पीक बुडाले असेल तेथे कर्ज काढून सारा भरू नका, असे सांगू लागले. १८९७ मध्ये मुंबई सरकारने सार्वजनिक सभेची मान्यता काढून घेतली.